नाव स्वाधीन, वाट पराधीन



संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचे नाव टंकले की क्षणार्धात पान उघडते. त्या क्षणात संगणकाने एक प्रश्न विचारून घेतलेला असतो : या नावाचा क्रमांक कोणता? या प्रश्नाला उत्तर देणारी नामव्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था तिच्या शिखराचे व्यवस्थापन पाहते आणि अमेरिकी शासनाची तिच्यावरील देखरेख २०१६ साली संपली. २०१४ पासून मिळू लागलेली देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही याच व्यवस्थेतील आहेत. म्हणूनच ती उघडण्यास वेगळा मध्यस्थ लागत नाही.

मात्र सर्व जगाची नावे एकाच शिखरावर अवलंबून का असावीत, आणि नोंदणी करणाऱ्यानेच नाव काढून घेतले तर दाद कोठे मागावी, हे प्रश्न अनेक तंत्रज्ञांना अस्वस्थ करीत राहिले. त्या अस्वस्थतेतून पर्यायी नावे जन्मास आली. २०११ साली नेमकॉइनचे ‘डॉट बिट’ आले आणि २०१७ साली इथेरियम नेम सर्व्हिसचे ‘डॉट ईटीएच’. येथे नोंदवही एका कचेरीत नसते. तिच्या प्रती जगभरच्या असंख्य संगणकांवर असतात. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली, तोच आपली नोंद बदलू शकतो. टॉर जाळ्यातील ‘डॉट ओनियन’ पत्ता तर थेट किल्लीतूनच तयार होतो, त्याला नोंदणीच लागत नाही.

तत्त्व उदात्त आहे. अडचण अशी की नेहमीच्या ब्राउझरला ही भाषा कळत नाही. मग दुभाष्या लागतो. त्यालाच वेब प्रॉक्सी किंवा प्रवेशद्वार म्हणतात. ‘डॉट ईटीएच’ नावाच्या शेवटी ‘डॉट लिमो’ जोडले की ते प्रवेशद्वार नोंदवही वाचते, मजकूर आणते आणि वाचकापुढे ठेवते. सोय मोठी खरी. पण दुभाष्या सांगेल तेच ऐकणाऱ्याचे सत्य ठरते. नाव स्वाधीन झाले, तरी वाट पराधीनच राहिली.

ही केवळ तात्त्विक शंका नव्हे. २०२२ सालचे उदाहरण बोलके आहे. ‘डॉट ईटीएच’ नावांसाठी ‘ईटीएच.लिंक’ हे प्रवेशद्वार तेव्हा सर्रास वापरले जाई. हे नाव स्वतः मात्र जुन्याच नामव्यवस्थेत, एका व्यक्तीच्या नावे नोंदलेले होते. ती व्यक्ती अमेरिकेत तुरुंगात होती. नूतनीकरण होऊ शकले नाही. जुलैमध्ये मुदत संपली आणि सप्टेंबरमध्ये ते नाव लिलावात दुसऱ्याच कंपनीकडे गेले. अखेर ॲरिझोनातील न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ते परत मिळाले. या काळात एकही ‘डॉट ईटीएच’ नाव कोणी हिरावले नव्हते. घरे शाबूत होती, वेशीचा दरवाजा तेवढा दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता!

दुसरे उदाहरण अधिक भयावह. संगणकातील धारिका कुलूपबंद करून खंडणी मागणारे गुन्हेगार पीडितांना ‘डॉट ओनियन’ पत्त्यावर पैसे भरण्यास सांगत. टॉर ब्राउझर बसविण्याचा खटाटोप नको म्हणून अनेक जण प्रॉक्सीतून तेथे जात. प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये उघड केले की, एक प्रॉक्सी वाटेतच पानावरील बिटकॉइनचा पत्ता बदलून स्वतःचा घालीत होती. पीडिताचे पैसे तर गेलेच, आणि ते खंडणीखोरालाही न पोहोचल्याने धारिका सुटण्याची आशाही मावळली.

ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह अशा वेळी फसवे धैर्य देते. वाचकापासून प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता मोहोरबंद आहे, एवढेच ते सांगते. प्रॉक्सीच्या आत पाकीट उघडले जाते आणि तेथे मजकूर वाचताही येतो, बदलताही येतो. कोण, कोठून, काय पाहतो याची नोंदही तेथे ठेवता येते. म्हणून प्रवेशद्वार म्हणजे बुरखा, ही समजूत भाबडी होय.

मग सुज्ञाने काय करावे? प्रवेशद्वार वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्याची मर्यादा ओळखणे पुरे. केवळ वाचावयाचे असेल, तर नामांकित प्रवेशद्वार चालेल. परवलीचा शब्द, पैशाचा व्यवहार किंवा डिजिटल पाकिटाचे गुप्त शब्द मात्र तेथे कदापि देऊ नयेत. व्यवहार महत्त्वाचा असेल, तर दुभाष्यालाच रजा द्यावी. ‘डॉट ओनियन’साठी टॉर ब्राउझर, तोही मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘डॉट ईटीएच’ची अनेक पाने आयपीएफएस पद्धतीने साठविलेली असतात. तीत मजकुराचा पत्ता हाच त्याचा ठसा असतो. ही प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालविल्यास तो ठसा तेथेच पडताळला जातो आणि वाटेत बदललेला मजकूर उघडा पडतो. अर्थात नावापुढील ठसा कोणता, हेही विश्वासार्ह ठिकाणाहूनच घ्यावयास हवे.

नावही अक्षरन् अक्षर तपासावे. रशियन लिपीतील ‘а’ हे अक्षर इंग्रजी ‘ए’सारखेच दिसते, त्याचा लाभ उठविणारे टपून असतात. शिवाय एकाच शेपटीचे दोन दावेदार असू शकतात. ‘डॉट कॉइन’ नावे विकणाऱ्या अनस्टॉपेबल डोमेन्सने २०२२ साली ती विक्री थांबविली, कारण एमरकॉइनच्या नोंदवहीत तीच शेपटी आधीपासून होती.

मध्यस्थ हटविण्यासाठी ज्यांनी नवी नोंदवही उभारली, त्यांच्या घरी जाताना सोयीच्या मोहाने नवा मध्यस्थ बसविला जातो, हा या विषयातील खरा विरोधाभास. स्वातंत्र्य तंत्राने मिळते, पण पडताळणीच्या सवयीनेच टिकते. दुभाष्याशी स्नेह जरूर असावा. घराच्या किल्ल्या मात्र त्याच्या हाती देऊ नयेत.