पिवळं कार्ड असलेल्यांनी उभं राहा



शिक्षकांच्या संमेलनाच्या अध्यक्षाने जरा उंचावरून बोलावं अशी अपेक्षा असते. मी चौतीस वर्षं खडूच्या धुळीत काढलेली बाई. मधल्या सुट्टीत आपण बोलतो तसंच बोलणार, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणार.

मोफत गणवेशाचे दिवस होते. तेव्हाचा नियम तुम्हाला आठवत असेल : मुली सगळ्या पात्र, मुलांपैकी मात्र अनुसूचित जाती-जमातींची आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतलीच. वरून निरोप आला, यादी आजच्या आज हवी. मी तिसरीच्या वर्गात गेले आणि मोठ्याने म्हणाले, "ज्यांच्या घरी पिवळं रेशनकार्ड आहे त्या मुलांनी उभं राहा." सहा जण उभे राहिले. सातवा बसूनच राहिला. त्याच्या घरचं कार्ड पिवळं आहे हे मला ठाऊक होतं. मी नाव घेऊन विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, "आमचं केशरी आहे, बाई."

मी यादी त्याच्याशिवाय पाठवली. नाव घालता आलं असतं. घातलं नाही, कारण पोरगं खोटं बोललं याचा मला राग आला होता. ते वर्ष त्याने थोरल्या भावाच्या, मागे ठिगळ लावलेल्या चड्डीवर काढलं. खोटं का बोलावं लागलं, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. सरकारने कापड दिलं होतं. ते वाटण्याआधी वर्गाचे दोन भाग मी पाडले होते.

वर्गाचे असे भाग पाडणं जुनंच आहे. दर ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. भाषणं होतात, हार घातले जातात. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली एक आठवण मात्र त्या भाषणांत क्वचित येते. त्यांना वर्गात वेगळं गोणपाट अंथरून बसावं लागे, आणि शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शाळेत नाव होतं, जागा नव्हती. शाहू महाराजांना हा फरक कळला होता. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्याच शाळेत बसवायचा हुकूम काढला.

आज गोणपाट नाही. पण तुमच्या वर्गातली शेवटची रांग डोळ्यांसमोर आणा. तिथे कोण बसतं? दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेलं पोर तिथे असतं. घरी वेगळी बोली बोलणारं, म्हणून आपल्या लेखी 'मंद' ठरलेलं पोर तिथे असतं. आपण त्यांना मुद्दाम मागे बसवत नाही हे मला मान्य आहे. आपण फक्त पुढच्यांना पुढे बसवतो.

दिव्यांग मुलांसाठी रॅम्प झाले, चांगलं झालं. एका शाळेत त्याच रॅम्पच्या वरच्या टोकाला पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली मी पाहिली आहेत. पावसाळ्यात दुसरीकडे ठेवायची कुठे, हा मुख्याध्यापकांचा प्रश्नही खोटा नव्हता.

आणि झाडू. माझ्या शाळेत वर्ग मुली झाडायच्या, घंटा मुलं वाजवायची. कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून कुणी मोडलंही नव्हतं. एकदा चौथीतली एक मुलगी केरसुणी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "बाई, एक दिवस घंटा मला द्या ना." सावित्रीबाईंचा फोटो माझ्या टेबलामागच्या भिंतीवर होता, आणि मी रोज त्या फोटोला पाठ करून बसत होते. दुसऱ्या दिवसापासून झाडू आणि घंटा दोन्ही हजेरीच्या क्रमाने फिरायला लागले. काही बाप तक्रार घेऊन आले, आमचा पोरगा झाडणार नाही म्हणाले. त्यांना चहा दिला, क्रम बदलला नाही.

समतेवर प्रशिक्षणं होतात, शिबिरं होतात. मीही त्यांत बोलले आहे. व्हावीत. पण मुलाला समता कळते ती बाई कुणाला उभं करतात, कुणाचं नाव नीट उच्चारतात आणि कुणाला नुसतं 'ए' म्हणतात यावरून.

म्हणून या व्यासपीठावरून एकच मागणं. उपस्थिती भत्त्याची यादी करायची असो की शिष्यवृत्तीची, जातीचा रकाना जनरल रजिस्टरमध्ये आहे आणि ते रजिस्टर ऑफिसच्या कपाटात आहे. रेशनकार्डाची झेरॉक्स हवी असेल तर पालकांना बोलावून बाजूला मागा. नावं रजिस्टरवरून आणि झेरॉक्सवरून उतरवून घ्या. अर्धा तास जास्त लागेल. वर्गात जाऊन कुणालाही उभं करू नका.