जमा-नावे, संध्याकाळच्या वर्गात

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला १९०१ मध्ये एक कॉलेज निघालं. तिथल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुनं, आणि आजही चालू आहे. अशा कॉलेजांत प्रवेश बहुतेकांना खुला, वर्ग संध्याकाळीही, आणि शुल्क आवाक्यातलं. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात.

अकाउंटिंगचा पहिला वर्ग जमा-नावेपासून सुरू होतो. मग रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. आपल्याकडच्या बीकॉमवाल्यांना हे ओळखीचं. जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर तिथं गेलेल्यांनी हा रस्ता जरूर पाहावा; नोकरीची परवानगी नसली तरी शिकायला मुभा आहे.

मला मात्र घरच्या पैशांचं नियोजन शिकवणारा विषय अधिक मोलाचा वाटतो. समजा, क्रेडिट कार्डावर १,००० डॉलर थकले, व्याज वर्षाला २४ टक्के. महिन्याला २५ डॉलरच भरले, तर पहिल्या हप्त्यातले सुमारे २० व्याजातच जातात. मुद्दल उतरतं जेमतेम पाच डॉलरनं! हा हिशेब स्वतःच्या हातानं मांडला, की बिलावरची ‘किमान रक्कम’ गोड वाटेनाशी होते.

शिकलेलं लगेच वापरताही येतं. अनेक कॉलेजांत विद्यार्थी कर खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन, एप्रिलच्या मुदतीआधी, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची विवरणपत्रं विनामूल्य भरून देतात. पगाराचे कागद, मुलांचा खर्च, परताव्याची रक्कम, सारं समोर बसलेल्या माणसाशी बोलून समजून घ्यावं लागतं.