आठ शून्यं आणि एक खटका

(मंडळाच्या ‘माझं काम’ ह्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी आपल्या डॉक्टरांनी हृदयाबद्दल सांगितलं. त्यानंतर मी एका लोखंडी खोक्याबद्दल बोलणार, हे ऐकून समितीच्या चेहर्‍यावर काळजी दिसली. घाबरू नका, जेवणाच्या आत संपवतो.

१९९६ साली मी पुण्याहून न्यू जर्सीत आलो. काम होतं कंपन्यांच्या शाखा डिजिटल टेलिफोन लाइनने जोडून द्यायचं. त्यासाठी इथे टी-वन लाइन घेत. बेल सिस्टिमने ती १९६२ मध्ये आणली ती बोलण्यासाठी, एका लाइनवर २४ संभाषणं. एका फ्रेममध्ये १९३ बिट, सेकंदाला ८००० फ्रेम, म्हणजे सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिट. ही लाइन आणि आपला राउटर ह्यांच्या मधे एक खोकं बसायचं, सीएसयू-डीएसयू. दोघांमधला दुभाषाच म्हणा ना. आणि त्याच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या खटक्यांची रांग. हे डिप स्विच.

ह्या खटक्यांनी मुख्यतः चार गोष्टी ठरायच्या. फ्रेमची पद्धत डी-फोर की ईएसएफ. ताल कोणाच्या घड्याळाचा, लाइनचा की खोक्याचा. सिग्नल किती जोरात पाठवायचा. आणि चौथी, लाइनवर एक आणि शून्य कसे दाखवायचे, एएमआय की बी-एट-झेड-एस. फ्रेम चुकली तर दिवा लगेच बोंब मारतो. घड्याळ चुकलं तर चालता चालता ठेच लागते. चौथी चूक मात्र गप्प बसून राहते. माझी तीच झाली.

एका ग्राहकाच्या शाखेत लाइन बसवली. सगळे दिवे हिरवे. चाचणीचे संदेश पाठवले, शंभरातले शंभर परत आले. मी खुशीत घरी. रात्री मुख्य कचेरीतून शाखेकडे पगाराची फाइल यायची होती. ती निम्म्यावर येऊन अडकली. पुन्हा पाठवली, पुन्हा तिथेच. बाकीच्या फाइली येतात, हीच येत नाही! दुसर्‍या रात्री तेच. तिसर्‍या रात्री तेच. मी साहेबांना ठासून सांगितलं, “टेलिफोन कंपनीची लाइन खराब आहे.” नोकरीला जेमतेम सहा महिने, व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. चूक माझी असू शकते हा विचारच परवडणारा नव्हता हो!

चौथ्या दिवशी टेलिफोन कंपनीचा एक म्हातारा तंत्रज्ञ फोनवर आला. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, “तुझे खटके एक एक करून मला वाचून दाखव.” मी वाचत गेलो. लाइन कोडवर आलो आणि माझाच आवाज बसला. त्यांची लाइन होती बी-एट-झेड-एस, माझं खोकं एएमआयवर.

आता गंमत बघा. ह्या लाइनवर ‘एक’ म्हणजे विजेचा ठोका, एकदा धन, एकदा ऋण. ‘शून्य’ म्हणजे काहीच नाही. पलीकडचा त्या ठोक्यांवरच आपला ताल धरतो. बरीच शून्यं लागोपाठ आली तर ताल सुटतो. म्हणून बी-एट-झेड-एसमध्ये आठ शून्यांच्या जागी मुद्दाम नियम मोडलेले ठोके पाठवतात. खूण ठाऊक असलेला त्यांची परत आठ शून्यं करतो. माझ्या खोक्याला ती खूण ठाऊकच नव्हती. त्याने आठ शून्यांच्या जागी ०००११०११ वाचलं. बेरीज जुळेना, राउटरने ते पाकीट फेकून दिलं. पुन्हा मागवलं, पुन्हा तेच. पगाराच्या फाइलमध्ये रिकाम्या जागी शून्यंच शून्यं भरलेली होती. माझ्या चाचणीच्या संदेशांत तशी रांग नव्हतीच!

आपल्याकडे भारतात ई-वन लाइन. तिथे शून्यांसाठी एचडीबी-थ्री ठरलेलं असायचं. त्यामुळे ‘हे विचारायला हवं’ हेच माझ्या डोक्यात नव्हतं. खटका हलवला, खोकं बंद करून चालू केलं, कारण बरीचशी खोकी खटके फक्त सुरू होतानाच वाचतात. मग नुसत्या शून्यांची चाचणी पाठवली. गेली! साहेबांना जाऊन सांगितलं, “लाइन चांगली होती, चूक माझी.” ते एवढंच म्हणाले, “मग आता लिहून ठेव.” नोकरी राहिली.

तेव्हापासून खोकं बसवलं की प्रत्येक खटक्याची जागा कागदावर लिहून झाकणाला चिकटवायचो. नव्या मुलांना तीन गोष्टी सांगायचो. खटका पेन्सिलीने हलवू नका, तिची भुकटी वीज वाहून नेते. ‘ओपन’ लिहिलेलं असेल तर तो खटका बंद समजा. आणि आधी पलीकडच्याला विचारा, “तुझं काय ठरलंय?”

आता टी-वनची जागा बर्‍याच ठिकाणी फायबरने घेतली आहे. खटके गेले, त्यांच्या जागी पडद्यावरच्या चौकटी आल्या. पण दोन टोकांनी आधी एकमेकांना विचारायचं, हे काही बदललेलं नाही. आणि दिवे हिरवे आहेत म्हणून सगळं ठीक आहे, असं अजूनही समजू नये. सर्वांत अवघड तेच आधी पाठवून बघावं.

बोललो तेवढ्या वेळात जेवण गरम झालं असेल.