कष्टकरी स्त्रीचा अर्धा उपचार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते यंत्रमागाची मजुरी, बोनस, कामाचे तास अशा कशावर तरी बोलावे म्हणून. आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांतले एक गृहस्थ अंमळ गोंधळलेच. बायकांच्या छातीचा रोग, आणि त्यावर बोलणार युनियनचा माणूस! आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार शून्य. तरी ज्या गोष्टी आपण लाजेने बोलत नाही त्यांचा तोटा कोणाच्या पदरात पडतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून हा धीटपणा.

आमच्या अंबाडीच्या आसपास, भिवंडी-वाडा रस्त्याला, वीटभट्ट्या आहेत हे आपण जाणताच. दिवाळी सरली की आदिवासी कुटुंबे भट्टीवर येतात, पाऊस तोंडावर आला की परततात. अशाच एका भट्टीवरच्या बाईला स्तनात गाठ झाली. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने सांगितली नाही. पुढे दुखू लागली; तेव्हाही सांगितली नाही, कारण हंगाम होता आणि उचल फिटायची होती. आमच्यापर्यंत आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. आम्ही तिला घेऊन नाक्यावरून एसटीने भिवंडी, तेथून ठाणे, तेथून लोकलने मुंबई असे सात वेळा गेलो. पिवळे शिधापत्र होते, सरकारी योजनेत नाव बसले, शस्त्रक्रिया पैशावाचून अडली नाही. रुग्णालयाचे नाव घेत नाही. तेथल्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला आणि ते उपकार मोठे आहेत. स्तन काढला, पुढची औषधे झाली, बाई घरी आली. आम्हीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

वर्षभराने दुसऱ्या एका कामासाठी आम्ही त्याच रुग्णालयात बसलो होतो. शेजारी मुंबईतल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्नी होत्या. रोग तोच. बोलता बोलता त्या म्हणाल्या, शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी आम्हां दोघांना बसवून चित्र काढून समजावले. पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन त्याच वेळी नवा स्तन घडवला. आम्ही थक्क झालो. गावी येऊन भट्टीवरच्या बाईला हे सांगितले. ती पदर सावरीत म्हणाली, “असं असतं का भाऊ? मग मला कसं नाय विचारलं?” आणि थोडे थांबून, “तुमीबी नाय बोललात.”

खरे होते. सात खेपांत आम्ही खाट विचारली, रक्त विचारले, योजनेचा शिक्का विचारला. हे विचारावे असे आम्हांस सुचलेही नाही. भट्टीवरच्या बाईला शरीर असते ते विटा वाहण्यापुरते, असे आमच्याही मनात कोठेतरी बसले असले पाहिजे. ती चोळीत जुन्या लुगड्याची घडी घालते. डोक्यावर विटा घेतल्या की घडी सरकते आणि बरोबरच्या बायका हसतात, हे तिने त्या दिवशी प्रथम सांगितले.

तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. ही विद्या काही कालची नव्हे. पाठीचा स्नायू कातडीसकट पुढे वळवून छाती झाकण्याची रीत इटलीतल्या तान्सिनी या शल्यविशारदाने १९०६ मध्ये मांडली. सिलिकोनची पिशवी आत बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९६२ मध्ये झाली. पोटाच्या मांसाने स्तन घडवण्याची रीत १९८२ पासून रूढ होत गेली. हे कधी त्याच वेळी करता येते, कधी क्ष-किरणांचा उपचार संपल्यावर मागाहून. म्हणजे एकदा वेळ चुकली तरी बहुधा दार कायमचे बंद होत नाही.

आता अमेरिकेचा दाखला. तेथे १९९८ मध्ये कायदा झाला की जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते तिने पुनर्रचनेचाही दिला पाहिजे. आमच्यासारख्याला वाटावे, झाले, मागणी मान्य झाली! पण पाहण्यांत असे आढळत राहिले की ही शस्त्रक्रिया गोऱ्या स्त्रियांच्या मानाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला कमी येते. प्लास्टिक सर्जनकडे त्यांना धाडलेच जात नाही, रुग्णालये दूर, रजा मिळत नाही, विमा असला तर तोकडा. त्याच स्त्रिया या रोगाने मरतातही जास्त; गोऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. शेवटी न्यूयॉर्क राज्याला २०१० मध्ये आणखी एक कायदा करावा लागला: शस्त्रक्रियेपूर्वी रोगिणीला या उपायाची माहिती दिलीच पाहिजे. नुसते सांगण्यासाठी कायदा! ज्याने मालकाकडून नियम वाचून घेण्यासाठी संप केला आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

तेथे वर्णाचा हिशेब ठेवतात म्हणून फरक दिसला. आपल्याकडे रुग्णाची जमात लिहून अशी मोजणी करण्याची रीत पडलेली नाही. म्हणून फरक नाही असे मानायचे का? २०२२ साली या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांतल्या भट्टीवरच्या, कांडी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या किती जणींना कोणी चित्र काढून दाखवले असेल?

आमच्याच कार्यकारिणीत एक सभासद म्हणाले, “साहेब, जीव वाचला हे काय थोडं? आधी पोट, मग छाती.” हा आक्षेप मनापासूनचा आहे, त्याला उत्तर द्यावे लागेल. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अवयवांचे कोष्टक होते. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. ही टक्केवारी मिळवण्याच्या शक्तीची. आम्ही बोटांचे असे कित्येक हिशेब भांडून घेतले आहेत. त्या कोष्टकाची सवय झाली की ज्या अवयवाने मजुरी मिळत नाही तो अवयवच नव्हे, असे वाटू लागते.

पण आपल्या मुलखातले शहाणपण असे नव्हते. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ही हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने ती रीत तेथे करून पाहिली. बैल हाकायला नाक लागत नाही. हात लागतो, आणि हात तर परत येणार नव्हता. तरी या नाकाचा उपयोग काय, असे त्या वीटवाल्याने विचारले नाही. अलीकडचे सांगायचे तर डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्यात आपली प्लास्टिक सर्जरीची विद्या लावली. ते रोगी काही श्रीमंत नव्हते.

प्रत्येक स्त्रीने हे करून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचा स्तन १९७८ मध्ये काढला. कृत्रिम स्तन लावायला तिने साफ नकार दिला आणि १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सर्जनच्या दवाखान्यात ती तशीच गेली तेव्हा परिचारिका म्हणाली, यामुळे इतर रोगिणींचा धीर खचतो! तिचा नकार तिचा होता. आमच्या बाईला नकार द्यायचीही संधी मिळाली नाही.

गाठ लवकर सापडली तर पुष्कळदा स्तन काढावाच लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर स्त्रियांची पाहणी केली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासणी झालेल्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, वीज नाही, शिकवलेला हात. भट्टीवर हे होऊ शकते. यंदा दोन भट्ट्यांवर आम्ही परवानगी मागितली आहे, एकावर मिळाली.

दुसरे काम लहान आहे. आमच्या कार्यालयातून कोणी रुग्ण मुंबईला जातो तेव्हा सोबत्याच्या हाती प्रश्नांचा कागद देतो. त्यात एक ओळ घातली आहे: स्तन काढणार असल्यास नवा घडवता येईल का, कधी, आणि योजनेत बसेल का? ज्यांना राज्य विमा आहे त्यांना कर्करोगासाठी लांबलेल्या आजाराची भरपाई मिळू शकते, हेही खाली लिहिले आहे. भट्टीवाल्यांना तो विमा नाही, आणि भिवंडीत एकच कारखाना कागदावर चार नावांनी दाखवून दहा माणसांची अट कशी चुकवतात, तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय.

बाईला घेऊन आम्ही आठव्यांदा गेलो. डॉक्टर तरुण होते, त्यांनी चित्र काढून दाखवले. पोटाचे मांस घेता येईल म्हणाले; पण काही दिवस तेथे राहावे लागेल आणि पुढे बरेच दिवस डोक्यावर ओझे नाही. परतताना लोकलमध्ये ती बोटांवर महिने मोजत होती. भट्टी बंद होते कधी, भाताची लावणी कधी, नवी उचल कधी घ्यायची. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चित्राचा कागद मात्र तिने आमच्याकडून मागून घेतला आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. येत्या पावसाळ्यात पुन्हा जायचे ठरले आहे.