कुतचा वेढा आणि शिपायाचं ताट



मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पस्तीसएक वर्षं होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो, आणि रोग्याला पहिल्यांदा विचारतो, ‘जेवणात काय असतं?’ आजचा विषय वेढ्याचा असला तरी माझा प्रश्न तोच आहे.

बेळगावकरांना मराठा लाइट इन्फंट्री काय, हे सांगायला नको. पहाटे कॅम्पात फिरायला गेलं की कवायतीचे हुकूम कानावर येतात. रेजिमेंटचं सेंटर इथे आलं १९२२ साली. त्याआधी सहाच वर्षं, २९ एप्रिल १९१६ रोजी, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींची माणसं इराकमधल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांच्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं.

कुत हे तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंना पाणी, आणि उघड्या बाजूला मातीचा एक किल्ला. इंग्रज बसऱ्याला उतरले ते इराणचं तेल राखायला. पुढे बगदादचा मोह पडला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला जनरल टाउनशेंडची चार हजारांहून अधिक माणसं पडली वा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे हटत कुतला येऊन थांबली. ७ डिसेंबरपर्यंत तुर्कांनी गाव कोंडलं. नाताळच्या आदल्या दिवशी किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडून तुर्क आत घुसले, तेव्हा त्यांना परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा होती. त्यानंतर तुर्कांनी काम भुकेवर सोपवलं.

वैद्यकाच्या दृष्टीने आता खरी गोष्ट सुरू होते. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन वेगळे आजार निघाले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदी शिपायांना स्कर्व्ही. तिथले वैद्यकीय प्रमुख कर्नल हेहिर यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात आणि जोडीला घोड्याचं मांस. आपली माणसं कोंड्यासकट आट्याची पोळी खात. मांस नाही, भाजी जवळजवळ नाही. कोंड्याने त्यांना बेरीबेरीपासून वाचवलं. ताज्या अन्नाअभावी हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही जवाचं आणि आट्याचं पीठ मिळू लागलं, आणि त्यांच्यातला बेरीबेरी ओसरला. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. (स्कर्व्हीला माझ्या साबुदाण्यासारख्या गोळ्या चालत नाहीत, लिंबूच लागतं. हे आमच्या पॅथीतले काहीजण कबूल करत नाहीत, म्हणून सांगून टाकतो.)

मग शिपायांनी घोडा का खाल्ला नाही? मी जैन. काय खायचं नाही, हे आमच्या घरात मूल बोलायच्या आधी शिकतं. म्हणून मला एक फरक कळतो. व्रत माणूस स्वतःशी करतो. कुतमध्ये आड आली ती पंगत. खाल्लं तर गावात परतल्यावर पाणी कोण देणार, मुलीचं लग्न कुठे जमणार, ही भीती होती. टाउनशेंडने हिंदुस्थानातून पंडितांचे आणि मौलवींचे परवानगीचे निरोप मागवले. ते आलेही. पण दिल्लीच्या निरोपाने गल्लीतलं तोंड बंद होत नाही, हे शिपायाला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये रोजचं पीठ दीडशे ग्रॅमच्याही खाली आलं, तेव्हा हजारोंनी ते मांस खाल्लं. काहीजण भूक मारायला अफूची गोळी घेत. काहींनी रानातला पाला शिजवला आणि त्यातून विषबाधा झाली. आधीच मांस खाल्लं असतं तर स्कर्व्ही कमी झाली असती, हे मी शाकाहारी असूनही डॉक्टर म्हणून मान्य करतो.

पण कुत पडलं ते शिपायाच्या हट्टामुळे, असं जे पुढे लिहिलं गेलं, ते मला मान्य नाही. जानेवारीच्या सुरुवातीला टाउनशेंडने धान्य थोडंच असल्याचं कळवलं. त्यामुळे सोडवायला निघालेली फौज पुरती जमण्याआधीच घाईने पुढे ढकलली गेली. शेख साद, वादी, हन्ना, तिन्ही ठिकाणी चिखलात माणसं मेली. आणि महिन्याच्या शेवटी गावातल्या घरांची झडती घेतल्यावर समजलं, की जनावरं धरून चौऱ्याऐंशी दिवस पुरेल इतकं अन्न आहे! हा साठा पहिल्या आठवड्यात मोजला असता तर? आमच्या घरातली बाई पाहुणे यायच्या आधी डबे उघडून बघते. कुतमधल्या तेराएक हजार माणसांना सोडवताना बाहेर सुमारे तेवीस हजार पडली वा जखमी झाली.

विमानातून पिठाच्या गोण्या टाकल्या, अगदी दळायच्या जात्याचे दगडही टाकले. अन्नाने भरलेली ‘जुलनार’ बोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या हाती पडली. वीस लाख पौंड देऊ केले, तेही नाकारले गेले.

गावातल्या सहाएक हजार अरबांचा उल्लेख आपल्याकडे कुणी करत नाही. त्यांनीही ही उपासमार भोगली, आणि गाव पडल्यावर इंग्रजांना मदत केल्याबद्दल त्यांच्यातल्या काहींना तुर्कांनी फासावर चढवलं.

कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. पाच महिने उपाशी असलेल्या पायांना ती चाल कशी झेपावी? वाटेत अन् छावण्यांत हजारो मेले. १९१७ मध्ये चौकशी कमिशनचा अहवाल लंडनला प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या वेळी टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहत होता, आणि पूना डिव्हिजनचे जिवंत राहिलेले शिपाई तुर्कांच्या रेल्वेवर खडी फोडत होते.