गाडीखालचे रबर आणि डिझेलचा फवारा



मे महिना संपत आला की बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात दोन कामांची घाई सुरू होते. एक भाताच्या रोपवाटिकेची आणि दुसरी गाडीला पावसाळी फवारा मारून घेण्याची. जुनी जीप, ओम्नी किंवा पिकअप धुवायची आणि डिझेलमध्ये जळके ऑइल मिसळून तिच्या पोटाखाली फवारायचे. पत्रा गंजू नये हा हेतू चांगला आहे. पण तेच तेल खालच्या रबरावर बसते आणि रबर खाते. भाजीने भरलेली गाडी कल्याणच्या बाजारात नेताना किंवा मुरबाडपुढे माळशेज घाट उतरताना ब्रेकचा होज पाइप फुटला, तर माल जातोच, माणसाच्याही जिवावर बेतते.

गाडीखाली रबर किती ठिकाणी असते हे एकदा वाकून पाहावे. पाट्यांचे आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे बुश, इंजिनचे फाउंडेशन, सायलेन्सर टांगणारी रबरे, स्टिअरिंगच्या सांध्यांवरील बूट, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अ‍ॅक्सलचे बूट आणि चारही चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेतील होज पाइप. यांपैकी बुश व फाउंडेशन बहुधा नैसर्गिक रबराचे असतात. नैसर्गिक रबर डिझेल, रॉकेल, पेट्रोल व इंजिन ऑइल शोषून फुगते, मऊ पडते आणि भाराखाली चिरडते. खात्री हवी असेल तर काढून टाकलेल्या बुशचे दोन तुकडे करा. एक पाण्यात, दुसरा डिझेलमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांनी शेजारी ठेवून पाहा. माझ्या सांगण्यापेक्षा ते तुकडे जास्त सांगतील.

तेल लागले नाही तरी रबर म्हातारे होतेच. उष्णता, ऊन आणि हवेतील ओझोन हे त्याचे शत्रू. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबरावर त्याने ताणाच्या आडव्या दिशेत बारीक चिरा पडतात. म्हणून गाडी अंगणात नुसती उभी असली तरी रबर टिकेल असे समजू नये.

आता स्वच्छतेविषयी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पक्के स्टँड लावावेत आणि जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत. इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्यावेत. साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण घेऊन मऊ ब्रशने रबर धुवावे. प्रेशर पंपाची धार बुटांच्या कडांवर जवळून मारू नये; पाणी आत शिरते. गाडी नदीत किंवा ओढ्यात उतरवून धुणे तर बंदच करावे. उल्हास नदीचेच पाणी आपल्याकडे पिण्यासाठी उचलतात आणि वालधुनीचे काय झाले ते आपण रोज पाहतो.

रबर पूर्ण वाळल्यावर फडक्याने सिलिकॉनचा किंवा ग्लिसरीनचा अगदी पातळ हात द्यावा. घरचे एरंडेलही नैसर्गिक रबराला सहसा अपाय करीत नाही. पूर्वी ब्रेक ऑइलसुद्धा एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून करीत. मात्र ब्रेकच्या डिस्कला, ड्रमला, पट्ट्यांना व टायरच्या नक्षीला यांतले काहीही लागू देऊ नये. ब्रेक ऑइल कमी झाले म्हणून त्या डबीत इंजिन ऑइल ओतण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. त्याने आतील रबरी सील फुगतात, ब्रेक अडकतात आणि पुढे निकामी होतात. पत्र्याचा गंज थांबवायचा असेल तर गंज खरवडून ब्रशने रंग किंवा अंडरकोटिंग लावावे, रबर सोडून. फवाऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो, हे खरे.

चीर पडलेले रबर कोणत्याही औषधाने सांधत नाही. ते बदलावेच लागते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढचा होज पाइप बाहेरूनच दिसतो. घरातील कोणाला तरी ब्रेक जोरात दाबायला सांगावे आणि पाइपवर फुगा, चीर किंवा ओल दिसते का ते पाहावे. दिसली तर गाडी त्या दिवशी बाजाराला नेऊ नये.

पुरानंतरची गोष्ट वेगळी आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी कुठवर चढले ते आपण विसरलेलो नाही. दुसऱ्या वेळी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा गाळ वाळण्याआधी धुवावा. फाटक्या बुटात शिरलेला गाळ ग्रीसमध्ये मिसळून सांधा पाटा-वरवंट्यासारखा घासतो. असे बूट उघडून, जुने ग्रीस पुसून, नवे भरून घ्यावे.

सुटे भाग घेताना किमतीकडे एकट्या पाहू नये. उल्हासनगरच्या मालावरचा ‘यूएसए’चा विनोद जुना आहे, आणि तिथे चांगला मालही मिळतो. पण टायरवर आठवडा व वर्ष छापलेले असते, तसे बुशवर बहुधा नसते. म्हणून नखाने दाबून, थोडे वाकवून पाहावे आणि पावती घ्यावी. घरी ठेवलेले जादा रबर शंखजिरे लावून बंद पिशवीत, अंधारात ठेवावे. पंपघरात ठिणग्या पडणाऱ्या स्टार्टरजवळ ठेवू नये, कारण ठिणगीतूनही ओझोन तयार होतो.