मळमळ कुणामुळे?
(गणेशोत्सवात आम्ही दोघींनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर यंत्राची गोष्ट सांगतोय, म्हणून आजीमंडळींनी रागावू नये. गोष्ट त्यांच्या नातींचीच आहे.

आम्ही दोघी वडोदऱ्यातून, घरूनच काम करतो. टीममधले बाकीचे पुण्यात आणि हैदराबादेत. ऑफिसने सगळ्यांना व्हीआर हेडसेट पाठवले. तो डोळ्यांवर चढवला की सगळे एकाच टेबलाभोवती बसल्यासारखे दिसतात. मौज वाटली! पण वीसेक मिनिटांत आम्हाला मळमळायला लागे, सापुताऱ्याच्या घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखं. मग हेडसेट काढून आम्ही फोनवर नुसत्या आवाजाने हजर राहायचो. टेबलापाशी बसलेले एकमेकांकडे बघून ठरवून मोकळे व्हायचे. आमचं "एक मिनिट" कुणाला ऐकूच जात नसे. बायकांना हे झेपत नाही, असं ठरलं. खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं होतं.

उलगडा चष्म्याच्या दुकानात झाला. दोन बाहुल्यांमधलं अंतर तिथे मोजतात. पुरुषांचं सरासरी ६४ मिलिमीटरच्या आसपास, बायकांचं ६२ च्या. आमचं निघालं ५८ आणि ५९. आमच्या हेडसेटची भिंगं मात्र त्याहून रुंद अंतरावर पक्की बसवलेली! अमेरिकेत के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासून २०२० साली प्रसिद्ध केलं आहे. ज्या बायकांना भिंगं नीट जुळली, त्यांना होणारा त्रास पुरुषांसारखाच होता. दुसऱ्याच्या मापाची चप्पल द्यायची आणि वर म्हणायचं, हिला चालता येत नाही.

यात नुकसान फक्त आमचं नाही. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ माणसांना लहान लहान गटांत कामं देऊन पाहिलं. ते २०१० साली 'सायन्स'मध्ये आलं. एखादा फार हुशार असल्याने गट फारसा सरस ठरत नव्हता. जिथे सगळ्यांना बोलायला मिळे आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं असत, तिथे काम चांगलं होई. बायका जास्त असलेले गटही सरस ठरले, कारण ही ओळख त्यांना सरासरीने अधिक होती.

आम्ही मापं लिहून पाठवली. भिंगं सरकवता येणारे हेडसेट आले, पण चार महिन्यांनी. आमच्यातली एक आता तासभर बसते. दुसरीला गाडी लागण्याची सवय लहानपणापासूनची. तिला अजून त्रास होतो. तिने हेडसेट काढला की आता सगळेच काढतात आणि बैठक साध्या व्हिडिओवर येते. हे मात्र भांडून मिळवावं लागलं.

आरतीची वेळ झाली. प्रसादाच्या टेबलापाशी मोजपट्टी ठेवली आहे. ज्या मुली हेडसेट वापरतात त्यांनी माप घेऊनच जावं.